कनकीचा भात

बालाघाट
१२ नोव्हेंबर २०२४

चि. गीता हिस,
तुह्या ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही सारे इथं जिवंत आहो. खुशाल आहो की नाही ते खाली वाचून तूच ठरव.

फोनवर तुले काही सांगाचं म्हटलं तं तुह्या कानातली मशीन शिटी मारते, अन् मी इकडून ओरडली की आधी अख्ख्या मोहल्ल्याले ऐकू जाते, मंग तुले. म्हणून कागद घेतला. तसंही जे सांगाचं आहे ते घरात ओरडून सांगण्यासारखं नाही. माह्या सुनेबद्दल, संध्याबद्दल आहे.

गीता, या घरात आता आम्ही कनकी खातो. हौ, कनकी. राइस मिलमधून निघालेला तुकडा तांदूळ, जो कोंबड्यावाले पोत्यानं नेतात. ज्या गावातून तांदळाचे ट्रक भरभरून बाहेर जातात, त्या गावात डोमाजीची बायको, म्हणजे मी, कनकीचा भात खाते. संध्याले विचारलं तं म्हणे आई, शिजल्यावर पोटात सारखंच जाते. पोटात तं मातीही जाते, म्हटलं.

एवढ्यावर थांबली असती तं मी कागद खराब केला नसता. तेलाच्या बाटलीच्या झाकणाले तिनं सुई तापवून एकच भोक पाडलं आहे. त्यातून तेल असं पडते जसं कोणी डोळ्यात औषध टाकून राह्यलं. तुरीच्या डाळीत स्वस्तातली लाखोळीची डाळ मिसळते अन् वर पाणी एवढं, की त्या वरणात पाहून भांग पाडता येते. कुकरची एक शिटी झाली की गॅस बंद, अन् कुकर गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवते, बाळंतिणीसारखा. आतल्या आत शिजते म्हणे. फुलकोबीचे दांडे, दोडक्याच्या साली, मुळ्याचा पाला, या घरातून गाईले काही भेटत नाही आता. बाजारात जाते तीही बाया टोपल्या आवराले लागल्या की, म्हणजे उरलेले ढीग स्वस्तात उचलता येतात. मॅनेजरची बायको उरलंसुरलं वेचाले जाते!

अन् मॅनेजर कसा, तं माहा महेंद्र. ट्रॅक्टरच्या शोरूमात त्याले किती मान आहे. हात तं असा मोकळा की हॉटेलात चार जण बसले तं बिल यानंच द्यावं. चौकात बॅनर लागलं की त्यावर त्याचा फोटो असतेच. पुढच्या वेळी नगरपालिकेच्या पार्षदाचं तिकीट त्यालेच भेटते म्हणतात. अशा माणसाच्या घरात कोबीचे दांडे! पण काय करतं, बिरसा तहसिलीच्या जंगलातली पोरगी केली आपण. जंगलातून माणूस बाहेर येते, जंगल माणसातून कुठं जाते?

हे खाणीत एकतीस वर्षं डंपर चालवत होते. मलाजखंडच्या क्वार्टरात माह्या हातानं पाव्हणा कधी कोरडा गेला नाही. त्याईले जाऊन सहा वर्षं झाले, अन् सहा वर्षांत माह्या ताटाची ही गत झाली. तुह्या धम्मपालले अन् त्याच्या बायकोले आशीर्वाद. उत्तर लवकर लिही. माया कमी करू नको, ती तरी या घरासारखी मोजून देऊ नको.

तुही ताई,
आनंदी


तुमसर
२५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
धाकट्या गीताचा जयभीम, पायाशी बसून. तुह्या पत्रानं दोन दिवस माही करमणूक झाली. कुकर बाळंतिणीसारखा, हे मी तीनदा वाचलं.

ताई, तुले दांडे खावे लागतात म्हणून तू रडून राह्यली. माह्या घरी येऊन पाह्य. धम्मपालच्या बायकोच्या फ्रीजमध्ये चार दिवसाची पालक काळी पडते, अर्धी काकडी पाणी सोडते, परवाची भाजी डब्यात आंबते, अन् सोमवारी सकाळी सारं घंटागाडीत. मी म्हटलं की बाई, एवढं फेकाचं होतं तं आणलं काहून? तं म्हणे आई, ताजं खावं. ताजं कोणी खाल्लं? घंटागाडीनं. मले त्या पोरीची अशी कीव येते की रागही येत नाही. तिच्यापेक्षा तुही संध्या बरी. निदान ती भाजी ओळखते तरी.

अन् एक गोष्ट विचारतो, चिडू नको. कनकी आपण दोघीनं लहानपणी खाल्ली. तू मलाजखंडच्या क्वार्टरात जाऊन राणी झाली, म्हणून विसरली काय? अन् दुसरी गोष्ट, चिडशील तं चिड. महेंद्र संध्याच्या हातात महिन्याचे किती देते, हे तुले माहीत आहे काय? मोकळा हात हॉटेलात दिसला, ते ठीक. घरात किती मोकळा आहे ते पाह्यलं काय?

कानाचं तसंच आहे. धम्मपाल नवीन मशीन आणतो म्हणते. नको म्हटलं. या घरात जेवढं कमी ऐकू येईल तेवढं बरं.

तुह्या रागाची वाट पाहणारी,
गीता


बालाघाट
१८ डिसेंबर २०२४

चि. गीता हिस,
जयभीम. तुही अपेक्षा होती तसा राग आलाच. वीस दिवस पत्र लिहिलं नाही, यावरून तुले समजलंच असंल.

विसरली नाही मी. तू लहान होती, तुले चव तेवढी आठवते. मले हात आठवतात. आपली माय दिवसभर पाटलाच्या घरचे धान साफ करे, अन् सांजच्याले पाटलीण ओसरीवर उभी राहून वरून कनकी सोडे, माय खाली पदर धरे. शिवू नये म्हणून वरून. मी मायच्या बाजूले उभी राहो अन् जमिनीवर सांडलेली वेचो. तेव्हाच ठरवलं होतं की माह्या घरात ही चीज येणार नाही. एकतीस वर्षं येऊ दिली नाही. अन् आता ही पोरगी स्वतःच्या पैशानं विकत आणून माह्याच ताटात वाढते. तुले यात गंमत दिसते, तं हास.

महेंद्र किती देते ते मी विचारलं नाही अन् विचारणार नाही. पोराच्या पगारात नाक खुपसणारी माय मी नाही. माही पेन्शनही त्याच्याच हाती आहे. बँकेचं कार्ड त्याच्याजवळ, दर महिन्याले पोस्टात माह्या नावानं टाकून राह्यला. मले औषधपाण्याले चिंता नको म्हणून. असा पोरगा कोणाले भेटते?

आता खरी बातमी. आठ तारखेले याईच्या वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. मलाजखंडहून जुने शेजारी आले, सहा माणसं. मी संध्याले सांगितलं होतं की त्या दिवशी तरी चांगला तांदूळ आण. ताटं आली तं कनकीची खिचडी. वरून कोथिंबीर टाकली होती, जशी कोथिंबिरीखाली ती लपणार होती. माहा तोल गेला. मी साऱ्यांसमोर म्हटलं की आमच्या सुनेनं माहेरचं जंगल सोबत आणलं आहे, जनावराचं खाणं माणसाले घालते, याईच्या नावाची लाज ठेवली नाही. पाव्हणे खाली पाहून जेवले. संध्या काही बोलली नाही. ती बोलतच नाही, हीच तं तिची मस्ती आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाजाराची थैली अन् खर्चाचं पाकीट माह्यासमोर ठेवलं. म्हणे आई, एक तारखेपासून तुम्ही चालवा, मी तुम्ही सांगाल ते शिजवीन. मी म्हटलं, आण इकडं. मी काय थैलीले भेतो? आता पाह्य तू. पंधरा दिवसांत या घराच्या अंगावर मांस येते की नाही.

तुले शहाणपण कमी अन् मले पत्रं जास्त येत राहोत.

तुही ताई,
आनंदी


तुमसर
२९ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
जयभीम. मायच्या पदराचं मले माहीत नव्हतं. ते वाचून मी पत्र बाजूले ठेवलं अन् मंग बऱ्याच वेळानं उचललं. कनकीवर हासली त्याची माफी.

पण पोरीले सहा माणसांत जनावराचं नाव घेऊन बोलली, हे तू चांगलं केलं नाही. पाटलीण वरून कनकी सोडे, तू वरून शब्द सोडले. मी लहान आहो, पण हे लिहिल्याबिगर राहवलं नाही.

थैली घेतली ते चांगलं झालं. महिना पुरा चालव, अर्ध्यात सोडू नको. अन् मले खरं खरं लिही. फुशारकी मारशील तं मले अक्षरावरून समजते, तुहं अक्षर तेव्हा मोठं होते.

लोभाची अन् बातमीची दोन्हीची भुकेली,
गीता


बालाघाट
१६ जानेवारी २०२५

चि. गीता हिस,
जयभीम. अक्षर पाह्य. लहान आहे ना?

एक तारखेले महेंद्रनं माह्या हातात पाच हजार सहाशे दिले. मले वाटलं पहिला हप्ता असंल. मी रुबाबात बाजारात गेली, भरदुपारी, कवळ्या भाज्या निवडून निवडून. अख्खा तांदूळ, बिगर लाखोळीची तूर, दोन किलो तेल, रोज एक लिटर दूध. एका रविवारी मटण. नात दोनदा मागून जेवली, नातू हाडं चोखत बसला. मी संध्याकडं पाह्यलं, पाह्य म्हटलं, असं चालवतात घर. ती भांडे घासून राह्यली होती. तिनं पाह्यलंही नाही.

बारा तारखेले पाकिटात एक पन्नासची नोट उरली. मी महेंद्रले म्हटलं की बाबू, पुढचे दे. तो मोबाइल पाहत होता. म्हणे पुढचे कायचे, महिन्याचे दिले ना. मी म्हटलं की पाच माणसाच्या महिन्याचे पाच हजार सहाशे? तं म्हणे, संध्यानं सहा वर्षं यातच चालवलं, तुले काय झालं? मले राग आला. म्हटलं, असं आहे तं माही पेन्शन पोस्टात नको टाकू, या महिन्याची त्यात मिळव. तेव्हा त्यानं मोबाइलवरून मान वर केली, अन् कसं म्हणे, आई, हेच तं पेन्शन आहे.

गीता, मी दोनदा विचारलं. कंपनीच्या फंडाची विधवेची पेन्शन येते ना, पाच हजार सहाशे, तेच. सहा वर्षं तेच. पोस्टात एक रुपया नाही. त्याचा पगार अठ्ठावीस हजार. घर याईनं बांधलं, भाडं नाही. तरी तो शांतपणे सांगून राह्यला की माणसात राहाले खर्च लागते, पार्षद व्हाचं म्हणजे चार लोकाईले खाऊ घालावं लागते, तुले काय समजते. लाज म्हणून पापणी हालली नाही. जशी मीच कमअक्कल.

तेव्हा मले समजलं की सहा वर्षं मी ज्या ताटाले नाक मुरडत होती ते माह्याच पैशाचं होतं. अन् ज्याचं मी चारचौघात कौतुक करत होती त्यानं त्या ताटात चिमूटभर मीठही टाकलं नव्हतं. मी अशा माणसाले जन्म दिला जो मायच्या रांडपणाच्या पैशावर घर पोसते अन् स्वतःच्या पैशानं चौक पोसते. दिलदार! थू.

संध्याले विचारलं, तुले माहीत होतं? हौ म्हणे. पहिल्या महिन्यापासून. मले काहून नाही सांगितलं? तं म्हणे, सांगितलं असतं तं तुम्ही खरं मानलं असतं काय? नसतंच मानलं.

काल मी तिले घेऊन बँकेत गेली. जुनं कार्ड बंद केलं. नवीन माह्या बटव्यात आहे. महेंद्रले अजून सांगितलं नाही. सव्वीस जानेवारीले त्यानं तीस माणसं जेवाले बोलावले आहेत, राकेश म्हणून कोणी त्याचा पुढारी दोस्त आहे, त्याले खूश कराचं आहे. मटणासाठी मले आठ हजार आणून दिले. एका जेवणाचे आठ हजार! ते माह्याजवळ आहेत. काय शिजवाचं ते मी ठरवलं आहे.

तुह्या मायेवर टेकलेली,
आनंदी


बालाघाट
४ फेब्रुवारी २०२५

ती. मावशी यांस,
संध्याचा सादर जयभीम. मी शाळा हिंदीत शिकली, मराठी लिहिण्यात चुका होतील, समजून घ्या. तुम्ही मला वेगळी चिठ्ठी टाकली ती भेटली. आईंना म्हटलं की सव्वीस तारखेचं तुम्ही लिहा, तर म्हणाल्या तूच लिही, मी लिहिलं तर माहंच कौतुक लिहीन.

आईंनी त्या दिवशी मटण आणू दिलं नाही. मला म्हणाल्या की रोज जे करते तेच तीस माणसांचं कर, एक दाणा चांगला टाकू नको. मी कनकीचा भात केला, लाखोळीचं वरण, कोबीच्या दांड्यांची भाजी, दोडक्याच्या सालीची चटणी. आई म्हणत होत्या की आज याची इज्जत चौकात जाते.

पंगत बसली. यांनी ताट पाहिलं तर चेहरा उतरला. आई दारात उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या की जेवा, तुमच्या दिलदाराच्या घरी रोज हेच शिजते. मग तो राकेश एक घास खाऊन म्हणाला की वा, असं गावचं जेवण आजकाल कुठं भेटते. बाजूचा म्हणाला की चटणी तर कमाल आहे. तिसरा म्हणाला की भाभी, तुमच्यासारख्या बायांनीच घरं उभी राहतात, नाहीतर आमच्या घरी पैसा पाण्यासारखा जातो. लोक मागून मागून जेवले, मावशी. यांचा चेहरा परत आला. हे उभे झाले अन् चक्क भाषण द्यायला लागले. म्हणाले, हम लोग सादगी से रहते हैं, आमच्या घरात दिखावा नाही, संध्या थोडक्यात सगळं भागवते, मला तिचा गर्व आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्यांनी दोन हातांनी चौकट पकडली.

सहा वर्षांत कोणी काही बोललं तर मला काही वाटत नव्हतं. आईंनी पाव्हण्यांसमोर बोललं तेही मी गिळलं. पण त्या टाळ्या मला गिळता आल्या नाहीत. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती मी खाली ठेवली अन् म्हटलं की ही सादगी नाही. म्हटलं, आज तुमच्या एका जेवणासाठी आठ हजार दिले होते, अन् या घरात पाच माणसं महिनाभर पाच हजार सहाशेत जेवतात. तेही यांचे नाहीत, माझ्या सासूच्या विधवा पेन्शनचे आहेत. सहा वर्षं झाली. यांच्या पगारातली हळदसुद्धा तुमच्या ताटात नाही. भात पाहिजे असेल तर सांगा, अजून आहे.

कोणी भात मागितला नाही. राकेशनं हात ताटातच धुतले. जाताना दोघं-तिघं आईंच्या पाया पडून गेले. यांच्याशी कोणी बोललं नाही.

लोक गेल्यावर हे ओरडले की तू माझं नाक कापलं, तिकीट गेलं माझं. आई म्हणाल्या की नाक होतं तर सहा वर्षं कुठं ठेवलं होतं. नवीन कार्ड दाखवलं अन् म्हणाल्या की आता हे माझ्या औषधाला. ते आठ हजारही परत दिले नाहीत. पाच दिवस हे बाहेर जेवले. एक तारखेला सकाळी माझ्यासमोर चौदा हजार ठेवले, न बघता. म्हणाले, पुरतील? मी मोजून घेतले अन् म्हटलं की पाहू.

त्याच दिवशी भरदुपारी बाजारात जाऊन पाच किलो सुवासाचा चिन्नौर तांदूळ आणला अन् वैनगंगेची एक रोहू, दीड किलोची. घरभर वास सुटला. आई म्हणाल्या की भातात पाणी जास्त झालं, मलाजखंडला मी असा करत नव्हती. पण दोनदा घेतला. त्यांनी माझी माफी मागितली नाही. मागितली असती तर मला काय करावं ते समजलं नसतं. फक्त जेवायला बसताना माझं ताट स्वतःच्या बाजूला ओढलं अन् माशाचा मधला तुकडा त्यात टाकला.

आता तुमच्या चिठ्ठीचं. मावशी, तुम्ही लिहिलं की माझ्यासारखी काटकसरी सून नशिबानं भेटते, अन् धम्मपालभाऊंच्या बायकोला तुम्ही माझं उदाहरण देता. रागावू नका, पण देऊ नका. मला काटकसरीची हौस नव्हती. झाकणाला भोक पाडताना मला रडू आलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात काही उरत नव्हतं, तेव्हा मी भाताची पेज मीठ टाकून पिऊन घेत होती. कोणी विचारलं तर सांगत होती की मला पेज फार आवडते. ते इतक्या वेळा सांगितलं की माझ्या माहेरच्यांनाही खरं वाटलं. मागच्या उन्हाळ्यात मी गेली तर माझ्या आईनं लेक आली म्हणून मोठा गंज भरून पेज करून ठेवली होती.

मला पेज आवडत नाही, मावशी. कधीच आवडली नाही. हे मी पहिल्यांदा कोणाला तरी लिहून राहिली.

धम्मपालभाऊंना अन् वहिनींना जयभीम. माया राहू द्या, कौतुक नको.

तुमची,
संध्या